सगळ्यांकडे सिम आहे, मग वाढ कुठून आणायची?

प्रश्न असा आहे: "शिवाजी विद्यापीठातून एमबीए केलंय. पुढच्या महिन्यात एका मोबाइल कंपनीत कोल्हापूर ग्रामीणचा टेरिटरी सेल्स मॅनेजर म्हणून रुजू होतोय. बाजारात तीन खासगी कंपन्या आणि बीएसएनएल. प्रत्येकाच्या खिशात आधीच सिम आहे, कित्येकांच्या दोन. अशा बाजारात मोबाइल कंपनी वाढते म्हणजे नक्की काय होतं? आणि आमच्यासारख्याने खाली काय करायचं असतं?"

मी २००१ साली या धंद्यात आलो. तेव्हा रिचार्ज म्हणजे खरवडायचं कार्ड. सकाळी लक्ष्मीपुरीतल्या डिस्ट्रिब्युटरकडून गठ्ठा घ्यायचा, रबर लावून स्कूटरच्या डिकीत टाकायचा आणि संध्याकाळी गडहिंग्लजहून रोकड घेऊन परत यायचं. पुढे टीएसएम झालो, म्हणजे तुम्ही आता होताय ते. मग नोकरी सोडून स्वतःची डिस्ट्रिब्युटरशिप घेतली. माझ्या दुकानावर चार कंपन्यांचे बोर्ड चढले आणि उतरले, त्यातल्या दोन कंपन्या आज अस्तित्वात नाहीत. तेव्हा जे लिहितोय ते पुस्तकातलं कमी आणि हिशेबाच्या वहीतलं जास्त आहे.

तुमच्या मुलाखतीत 'ग्रॉस ॲड' हा शब्द दहा वेळा आला असेल. महिन्यात किती नवीन सिम चालू झाले, तो आकडा. रुजू झाल्यावर रोज सकाळी नऊच्या कॉलवर तुम्हाला तोच विचारतील. 'चर्न', म्हणजे महिन्यात किती ग्राहक आपल्याला सोडून गेले तो आकडा, मात्र महिन्याअखेरीस एकदा, प्रेझेंटेशनच्या शेवटच्या पानावर येतो, आणि तोवर साहेबांना पुण्याची गाडी पकडायची असते. माझ्या मते कंपनी वाढते की नाही याचा निकाल त्या शेवटच्या पानावर लागतो.

साधा हिशेब करा. तुमच्या टेरिटरीत कंपनीचे ५०,००० चालू ग्राहक आहेत असं धरू. महिन्याला ३ टक्के जातात. फार वाटत नाही, पण म्हणजे १,५०० माणसं. म्हणजे १,५०० सिम विकल्यावर तुम्ही फक्त होतात तिथे उभे राहता. वर्षभर एकही नवा ग्राहक जोडला नाही तर ५०,००० चे ३४,७०० च्या आसपास उरतात. हाच चर्न २ टक्क्यांवर आणला तर ३९,२०० उरतात. साडेचार हजार ग्राहकांचा फरक, आणि त्यासाठी एसटी स्टँडसमोर कंपनीची एकही छत्री लावून सिम विकायला पोरगं उन्हात उभं करावं लागलेलं नाही. आमच्या आईच्या भाषेत सांगायचं तर घागरीला भोक असताना आड उपसत बसायचं नसतं.

आता 'वाढ' या शब्दाकडे. हा शब्द दर पाच-सहा वर्षांनी अर्थ बदलत आलाय, आणि जी कंपनी जुन्या अर्थाला चिकटून बसली ती बुडाली. थोडा इतिहास सांगतो, कारण तुमचे वरिष्ठ कोणत्या काळात वाढले यावर ते तुमच्याकडून काय मागणार हे ठरतं.

मोबाइल परवान्यांसाठी देशाचे जे विभाग पाडलेत त्यांना सर्कल म्हणतात. आपला जिल्हा 'महाराष्ट्र आणि गोवा' सर्कलमध्ये येतो. मुंबई वेगळं सर्कल. सुरुवातीला प्रत्येक सर्कलला दोनच खासगी परवाने होते. आपल्याकडे एक बिर्ला-एटी अँड टी आणि दुसरी बीपीएल. पहिलीची पुढे आयडिया झाली, दुसरीचं हे सर्कल हचकडे गेलं आणि २००७ मध्ये हचचं व्होडाफोन झालं. ३१ ऑगस्ट २०१८ ला व्होडाफोन आणि आयडिया एक झाल्या. म्हणजे या सर्कलमधले पहिले दोन वैरी वीस-बावीस वर्षांनी एकाच घरात नांदायला आले. ज्या रिटेलरांनी दोघांच्या भांडणात दोघांकडून स्कीमा उकळल्या होत्या, त्यांना हे लग्न पचायला वेळ लागला.

त्या पहिल्या काळात वाढ म्हणजे टॉवर. शहरात रेंज, हायवेवर रेंज, मग तालुक्याला. १ मे २००३ पासून इनकमिंग फुकट झालं आणि सगळं चित्रच पालटलं. त्याआधी फोन वाजला की माणूस घड्याळ बघत बोलायचा, कारण येणाऱ्या कॉललाही पैसे पडायचे. त्याच वर्षी पावसाळ्यात रिलायन्सने ५०१ रुपयांत हँडसेट हातात दिला. गांधीनगरच्या कापडवाल्यापासून हुपरीच्या चांदीवाल्या कारागिरापर्यंत सगळ्यांकडे एकदम फोन दिसायला लागले. बिलं थकली तेव्हा मात्र कळलं की फोन घेणारा आणि महिन्याला पैसे भरणारा ही दोन वेगळी माणसं असू शकतात. २००५ च्या अखेरीस ९९९ रुपयांत 'लाइफटाइम' आलं. तो शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. जून २००९ मध्ये टाटा डोकोमोने सेकंदाला एक पैसा लावला आणि सहा महिन्यांत बाकीच्यांना तेच करावं लागलं. मग एकेका सर्कलमध्ये दहा-बारा कंपन्या झाल्या. २ फेब्रुवारी २०१२ ला सुप्रीम कोर्टाने १२२ परवाने रद्द केले, तेव्हा ही जत्रा पांगायला सुरुवात झाली.

त्या जत्रेच्या काळातली एक गोष्ट सांगतो, कारण तिचं भूत अजून फिरतंय. मी तेव्हा ज्या कंपनीचं काम करत होतो तिचं नाव लिहीत नाही. मार्च महिना, तिमाहीचा शेवट, टार्गेटला ११०० सिम कमी. वरून फोन आला, "कसंही करा." कसंही म्हणजे काय ते दोघांनाही ठाऊक होतं. एफओएस पोरांनी, म्हणजे रस्त्यावर फिरून सिम विकणाऱ्या आमच्या पोरांनी, रात्री बसून सिम चालू केली, प्रत्येकात पहिला रिचार्ज, ज्याला आम्ही एफआरसी म्हणतो, तो मारला, आणि ३१ तारखेला आमच्या टेरिटरीचा गौरव झाला. मला ट्रॉलीबॅग मिळाली. एप्रिल-मेमध्ये त्यातली निम्मी सिम थंड पडली. जून महिन्यात चर्नचा आकडा असा फुगला की त्याच साहेबांनी त्याच ट्रॉलीबॅगवाल्याला पुण्याला बोलावून झापलं. एफआरसीचा तोटा अर्थात डिस्ट्रिब्युटरच्या अंगावर. ती बॅग अजून माळ्यावर आहे. तुमच्यावर हा प्रसंग येणार. तेव्हा आजचा आकडा नव्वद दिवसांनी कसा दिसेल ते आधी कागदावर मांडा आणि तो कागद वर पाठवा. लेखी पाठवा.

आता जिओ. याशिवाय हे उत्तर पुरं होणार नाही, पण यावर सगळेच एक चूक करतात. म्हणतात, फुकट दिलं म्हणून वाढले. ५ सप्टेंबर २०१६ ला सुरुवात झाली, डिसेंबरपर्यंत फुकट, मग ३१ मार्च २०१७ पर्यंत पुन्हा फुकट, १७० दिवसांत दहा कोटी ग्राहक. हे सगळं खरं. राजारामपुरीत पोरं मोबाइलवर बारकोड काढून सकाळपासून रांगेत उभी असायची ते मी पाहिलंय. पण फुकट देणाऱ्या कंपन्या आधीही होत्या. फरक तीन ठिकाणी होता. पहिला, नेटवर्क आधी उभं केलं होतं. ज्या ब्रॉडबँड स्पेक्ट्रमवर हे उभं राहिलं तो २०१० च्या लिलावातला. म्हणजे सहा वर्षं पैसा जमिनीत गाडला गेला होता. दुसरा, आधारवरचं ई-केवायसी, म्हणजे कागदाशिवाय ओळख पटवणं. आमच्या काळी सिमचा फॉर्म, फोटो, झेरॉक्स, तो गठ्ठा कुरिअरने जायचा, सही जुळली नाही म्हणून परत यायचा, आणि गिऱ्हाईक दोन दिवस बंद सिम घेऊन दुकानात चकरा मारायचं. इथे अंगठा लावला की काही मिनिटांत सिम चालू. तिसरा फरक माझ्या मते सगळ्यात मोठा: लोकांच्या हातातला दोन सिमचा फोन. जिओला कुणाचं सिम काढायला सांगावंच लागलं नाही. जुनं कार्ड पहिल्या स्लॉटमध्ये कॉलला, हे दुसऱ्यात नेटला. भांडण न करता घरात शिरायचा रस्ता होता तो.

आणि शिरल्यावरही सोपं नव्हतंच. सुरुवातीला जिओवरून दुसऱ्या नेटवर्कला कॉल लागायचे नाहीत, कारण दोन कंपन्यांचं नेटवर्क जिथे जोडलं जातं ते इंटरकनेक्ट पॉइंट पुरेसे नव्हते. प्रकरण इतकं तापलं की ऑक्टोबर २०१६ मध्ये ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, एअरटेल, व्होडाफोन आणि आयडिया मिळून ३,०५० कोटींच्या दंडाची शिफारस केली. खाली दुकानात याचा अर्थ एवढाच होता की गिऱ्हाईक म्हणायचं, "फोन लावायचं कार्ड येगळं, पिच्चर बघायचं येगळं." पहिला स्लॉट जुन्यांकडेच राहिला. तो जायला आणखी दीड-दोन वर्षं लागली.

पहिला स्लॉट कुणाचा, हा प्रश्न मी आजही प्रत्येक दुकानात विचारतो. ज्या नंबरवर बँकेचा ओटीपी येतो, आधार जोडलेलं असतं, दूध संस्थेचा मेसेज येतो, तो नंबर माणूस सोडत नाही. नंबर सोडत नाही म्हणून २० जानेवारी २०११ पासून देशभर सुरू झालेली पोर्टिंगची सोय इतकी महत्त्वाची. नंबर तोच, मालक दुसरा. १९०० ला मेसेज टाकायचा, कोड यायचा, आधी सात दिवस लागायचे, डिसेंबर २०१९ पासून त्याच सर्कलमध्ये तीन कामाचे दिवस. आज तुमचा बराचसा ग्रॉस ॲड हा दुसऱ्याचा चर्न असेल. आणि त्याचा तुमचा.

यात एक खोड आहे, जी कंपन्यांनी स्वतःच लावून घेतलीय. पूर्वी रिटेलर रिचार्जवर जगायचा. शंभराला तीन रुपयांच्या आसपास सुटायचे, पण दिवसाला दोनशे माणसं यायची. आता लोक यूपीआयवरून घरबसल्या रिचार्ज मारतात. तो रिटेलरच्या हातून गेला. त्याला पैसे मिळतात ते नव्या सिमवर आणि पोर्ट-इनवर. मग तो काय करणार? तुमचं गिऱ्हाईक त्यांच्याकडे, त्यांचं तुमच्याकडे, तीन-चार महिन्यांनी परत. कमिशनची पद्धतच अशी की टिकलेल्या ग्राहकावर दुकानदाराला दमडी मिळत नाही. मी तीन वेगवेगळ्या साहेबांना सांगून पाहिलं की सहा महिने टिकलेल्या पोर्टवर दुसरा हप्ता द्या. तिघांनीही वहीत लिहून घेतलं.

तरी दुकानदाराला कमी लेखू नका. भुदरगड तालुक्यात एका गावात एक दुकान आहे. पुढे किराणा, कोपऱ्यात मोबाइल. चारही कंपन्यांची सिम बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात, वर रबर. एकदा मी तिथे चहा घेत बसलो होतो. एक मावशी आल्या, मुंबईला असलेल्या मुलाने नवा फोन पाठवला होता. डबा बघितलाच नाही त्यांनी. विचारलं, "हितं कुठलं कार्ड चालतंय वो?" दुकानदाराने स्वतःचा फोन खिशातून काढला, वर केला, रेंजच्या कांड्या दाखवल्या. "ह्ये बघा, मी ह्येच वापरतोय." झाला व्यवहार. त्या भिंतीवर आमच्या कंपनीचा तीन हजारांचा ग्लो साइन बोर्ड होता आणि तो आमचं कार्ड विकत नव्हता, कारण आमचं कार्ड त्याच्या काउंटरवर चालत नव्हतं. मी विचारलं तेव्हा म्हणाला, "सायेब, तुमचं कार्ड दिलं की गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी माझ्याच दारात भांडाय येतंय. तुम्ही काय पुण्याला असता."

त्या दिवशी मी बोर्डाच्या बजेटचा नाद सोडला आणि नेटवर्कच्या माणसाशी दोस्ती केली. सेल्स आणि नेटवर्क ही दोन खाती एकाच इमारतीत बसून एकमेकांना ईमेल पाठवतात. तुम्ही तसं करू नका. त्या गावात काय झालं होतं? टॉवर होता, पण डोंगराच्या पलीकडच्या अंगाला, आणि आमचं ४जी उंच फ्रिक्वेन्सीवर होतं. ९०० किंवा ८५० मेगाहर्ट्झसारखी खालची फ्रिक्वेन्सी लांब जाते आणि भिंतीतून आत शिरते. १८०० कमी, २३०० त्याहून कमी. म्हणून ज्याच्याकडे खालचा बँड तो खेड्यात आणि जुन्या वाड्यांत जिंकतो. कोल्हापूर शहरातही हा फरक दिसतो. मंगळवार पेठेत जुन्या दगडी भिंतींच्या घरात सोप्यावर रेंज असते आणि माजघरात गेलं की फोन मरतो. शहरातल्या 'नेटवर्क नाही' आणि डोंगरातल्या 'नेटवर्क नाही' या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. तिसरी तक्रार आणखी वेगळी: कांड्या पूर्ण आणि नेट चालत नाही. ती गर्दीची. रात्री आठ ते अकरा एका सेक्टरवर, म्हणजे टॉवरच्या एका दिशेच्या अँटेनावर, पाचशे माणसं व्हिडिओ बघत असतील तर तिथे आणखी शंभर सिम विकणं म्हणजे आधीच्या पाचशेंना हाकलणं. तेव्हा सिम कुठे विकू नये हेही टीएसएमला कळलं पाहिजे. हे वाक्य मी एकदा मीटिंगमध्ये म्हणालो होतो. शांतता झाली.

आता पैशाची वाढ. इथे एमबीए कामाला येईल. २०१८ च्या शेवटी एअरटेल आणि व्होडाफोन आयडियाने किमान रिचार्जची अट आणली. महिन्याला ३५ रुपयांचा तरी रिचार्ज मारा, नाहीतर आधी आउटगोइंग आणि मग इनकमिंग बंद. ज्यांनी २००५-०६ मध्ये ९९९ देऊन 'लाइफटाइम' घेतलं होतं ते दुकानात येऊन विचारायचे, "माझं लाइफ संपलं व्हय?" उत्तर नव्हतं आमच्याकडे. लोकांचा राग रास्त होता असं माझं आजही मत आहे. पण कंपनीच्या बाजूने बघा. लाखो सिम नुसती इनकमिंगसाठी पडून होती. नंबर मोजायला छान, पैसा शून्य. ती गेली, ग्राहकसंख्या पडली आणि एका ग्राहकामागचं सरासरी उत्पन्न, म्हणजे एआरपीयू, वर चढायला लागलं. एअरटेलचं ते २०१८ मध्ये १०० रुपयांच्या आसपास होतं, २०२४ च्या शेवटच्या तिमाहीत २४५ रुपये. तो ३५ चा किमान रिचार्ज टप्प्याटप्प्याने १५५ आणि जुलै २०२४ मध्ये १९९ वर गेला.

जुलै २०२४ ची दरवाढ तर या विषयाचा आरसाच आहे. तिन्ही खासगी कंपन्यांनी एकदम दर वाढवले. पुढच्या तिमाहीत जिओचे १ कोटी ९ लाख ग्राहक कमी झाले. आणि एआरपीयू? १८१ रुपये ७० पैशांवरून १९५ वर. ग्राहक कमी, उत्पन्न जास्त. त्याच काळात बीएसएनएलचे ग्राहक काही महिने वाढले. आपल्याकडे शाहूवाडी-गगनबावड्याच्या बाजूला लोकांनी कपाटातली जुनी बीएसएनएलची कार्डं बाहेर काढली. त्यातले बरेच पुढे परत फिरले, कारण स्वस्त प्लॅन हवा असला तरी व्हिडिओ कॉलवर नातवंडाचा चेहरा गोठलेला कुणाला बघायचा नसतो.

२८ दिवसांचा प्लॅन हेही वाढीचंच यंत्र. महिना ३० दिवसांचा, प्लॅन २८ चा, म्हणून वर्षाला बारा नाही तर तेरा रिचार्ज. दर न वाढवता आठ टक्के वाढ. २०२२ मध्ये ट्रायने ३० दिवसांचा आणि दर महिन्याला त्याच तारखेला संपणारा असे प्लॅनही ठेवायला लावले. ते आहेत, पण शोधावे लागतात. २०२५ च्या सुरुवातीपासून नेट नसलेले, फक्त बोलण्याचे प्लॅनही आले. म्हाताऱ्या माणसांना हे दाखवा. तुमचा एआरपीयू थोडा कमी होईल, साहेब कुरकुरतील, पण तो ग्राहक पुढची पाच वर्षं हलणार नाही आणि त्याच्यामागे घरातले चार जण असतात.

आपल्या जिल्ह्याचं स्वतःचं कॅलेंडर आहे, ते पुण्यात बसलेल्या माणसाला कळत नाही. गोकुळचं दूध बिल दर दहा दिवसांनी येतं. बिलाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी खेड्यात रिचार्ज उसळतो. मोठा ८४ दिवसांचा प्लॅन विकायचा तर तेव्हा, किंवा उसाचं बिल पडल्यावर. महिन्याच्या २५ तारखेला छत्री लावून बसाल तर एफओएस पोरगं फक्त काळं होऊन परत येईल. दिवाळीच्या आसपास बीड-मराठवाड्याकडून ऊसतोड टोळ्या येतात, शिरोळ-हातकणंगल्यात कारखान्यांभोवती कोप्या पडतात, तिथल्या टॉवरवरची गर्दी मार्चपर्यंत वाढते आणि मग एकदम ओसरते. एका वर्षी आमच्या नव्या मॅनेजरने एप्रिलमध्ये शिरोळचा ट्रॅफिक पडलेला बघून 'प्रतिस्पर्ध्याची आक्रमक चाल' असा अहवाल लिहिला होता. टोळ्या गावाला गेल्या होत्या.

इचलकरंजीचं गणित तर एका निर्णयाने मोडलं. पूर्वी यंत्रमागावर उत्तर प्रदेश-बिहारकडून आलेला प्रत्येक कामगार पहिल्या आठवड्यात इथलं सिम घ्यायचा, कारण गावाकडच्या सिमवर रोमिंग लागायचं. आमचे ग्रॉस ॲडचे दिवे तिथेच पेटायचे. २०१६-१७ मध्ये देशांतर्गत रोमिंग फुकट झालं. आता तो गावाकडचाच नंबर चालवतो, रिचार्जही गावाकडून भाऊ मारतो. त्याला नवं सिम विकायला जाऊ नका. त्याच्या खोलीत आठ जण राहतात आणि रात्री नेट अडकतं, ती तक्रार सोडवा. सिम कुठल्याही सर्कलचं असो, टॉवर आपला आहे.

हाच रोमिंगचा त्रास कागलकडे उलटा होता. सीमेवरच्या गावात फोन कर्नाटकातला टॉवर पकडायचा आणि घरात किंवा शेतात बसून इनकमिंगला पैसे कापले जायचे. महाराष्ट्रात राहून रोमिंग! आम्ही प्रत्येकाच्या फोनमध्ये नेटवर्क मॅन्युअल करून द्यायचो, पाच मिनिटांचं काम. त्या गावांत आमचा हिस्सा वाढला तो केवळ या पाच मिनिटांमुळे. स्कीम नव्हती, बॅनर नव्हता.

आणि पूर. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यावरची ४३ फुटांची धोक्याची पातळी कितीतरी ओलांडली, हायवे बंद, शहराचे भाग पाण्यात, वीज नाही. टॉवर बॅटरीवर काही तास चालतो, मग जनरेटर, मग डिझेल. डिझेल संपलं की संपलं. आम्ही एका उंचावरच्या साइटसाठी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून डिझेलचे कॅन नेले, छातीएवढ्या पाण्याच्या कडेकडेने. शहाणपण होतं का ते माहीत नाही, माझ्या पोराने असं केलं असतं तर मी त्याला मारलं असतं. पण ती साइट चालू राहिली. त्या आठवड्यात आसपासच्या दोन-तीन गावांत कुणाचा फोन लागला आणि कुणाचा नाही, हे लोकांनी लक्षात ठेवलं. सप्टेंबरमध्ये तिथून पोर्टच्या रिक्वेस्ट आल्या, दुकानदार स्वतः फोन करून सिम मागायचा. २०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी आलं तेव्हा आम्ही जून संपायच्या आतच टाक्या भरून ठेवल्या होत्या. मे महिन्यातच तुमच्या टेरिटरीतल्या पूरपट्ट्यातल्या साइटची यादी मागा: जनरेटर आहे का, जोत्याची उंची किती, डिझेल कोण भरतं. हे 'सेल्सचं काम नाही' असं कोणी म्हणालं तर म्हणू दे.

५जी बद्दल फार लिहीत नाही. १ ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालं, शहरात आहे, पण आपल्याकडे अजून तरी कुणी केवळ ५जी साठी कंपनी बदलताना मला दिसलेलं नाही. त्याचा खरा उपयोग घरच्या इंटरनेटला होतोय. केबल न ओढता छतावर किंवा खिडकीत डबा बसवायचा. मळ्यातल्या वस्त्या, जिथे फायबर कधी जाणार नाही, तिथे हे चालेल. एकदा घरात वायफाय बसलं की घरातल्या पाचही मोबाइलचा चर्न पडतो, हा माझा अनुभव आहे.

आकडे बघायचे तर ट्रायचा मासिक अहवाल वाचा. त्यात जिल्हा मिळणार नाही, सर्कल मिळेल. एकूण ग्राहकांच्या आकड्यापुढे थांबू नका. 'व्हीएलआर' नावाचा रकाना असतो, म्हणजे खरोखर नेटवर्कवर चालू असलेली सिम. एकूण आणि व्हीएलआर यांत जेवढी दरी मोठी, तेवढी सिम कपाटात.

तुम्ही विचारलंय खाली काय करायचं. पहिल्या महिन्यात ऑफिसात बसू नका. खिशात चारही कंपन्यांची सिम आणि दोन फोन ठेवा, पूर्ण चार्ज केलेले. आजरा-चंदगड एका दौऱ्यात करा, मुक्काम करून, चंदगड शंभर किलोमीटरच्या वर आहे आणि घाईत बघायचा तालुका नाही. तिथल्या लोकांची बाजारपेठ बेळगाव, पोरं मुंबईला. त्यांना सगळ्यात जास्त फोन कुठे लागतो ते विचारा. प्रत्येक दुकानात काउंटरवर, दाराबाहेर आणि मागच्या खोलीत कॉल लावून बघा आणि वहीत लिहा. दुकानदाराच्या स्वतःच्या फोनचा पहिला स्लॉट कुणाचा तेही लिहा. विचारून नाही, चहा पिताना बघून. चंदगडहून परतताना काजूच्या कारखान्यांच्या बाहेर सुट्टीच्या वेळी पंधरा मिनिटं थांबा. बायका बाहेर पडल्या पडल्या फोन काढतात आणि रेंजसाठी कुठल्या बाजूला चालत जातात ते बघा. त्या जिथे जाऊन थांबतात ती जागा नकाशावर लाल पेनाने टिपून नेटवर्कच्या माणसाला पाठवा, आणि दर आठवड्याला त्याला आठवण करत राहा.